कोलांटउडी कुणाची? डोंबाऱ्याची दोरी आणि शाळेतला व्यायामाचा तास

शाळेच्या मैदानावर व्यायामाचा तास सुरू होतो. गुरुजी शिट्टी वाजवतात आणि पोरांना सांगतात, कोलांटउडी मारा. पोरे मारतात. परीक्षेत त्याला गुणही मिळतात. हा शब्द कुठून आला, हे मात्र कुणी पोरांना सांगत नाही. कोलांटउडी म्हणजे कोल्हाट्याची उडी. कोल्हाटी या जातीच्या नावावरून आलेला हा शब्द मराठीने आपल्या शरीराच्या एका हालचालीला कायमचा चिकटवून ठेवला. शाळेने उडी घेतली, शब्दही घेतला. ज्याची उडी होती तो माणूस तेवढा शाळेच्या फाटकाबाहेर राहिला.

आमचा आजचा विषय हाच आहे. जगात अनेक देशांत आता प्राथमिक शाळेच्या शारीरिक शिक्षणात सर्कसच्या कला शिकवतात. चेंडू झेलणे, तोल सांभाळणे, दोरीवर चालणे, एकमेकांच्या खांद्यावर मनोरा रचणे, कोलांटउड्या. आपल्याकडे असे म्हटले की दोन प्रकारचे लोक दचकतात. एक म्हणतो, शाळेत काय डोंबाऱ्याचा खेळ मांडायचा? दुसरा आमच्याच चळवळीतला असतो. तो म्हणतो, पिढ्यान् पिढ्या दोरीवर चढवलेल्या पोरांना तुम्ही पुन्हा दोरीवरच चढवणार का? पहिल्याला उत्तर इतिहासाने द्यायचे आहे. दुसऱ्याला उत्तर बाबासाहेबांच्या विचाराने द्यायचे आहे, कारण त्याचा प्रश्न खरा आहे.

आधी खेळ कुणाचा ते पाहू

बांबूच्या दोन कैच्या, मध्ये ताणलेली दोरी, खाली बापाची ढोलकी आणि वर हातात आडवी काठी घेतलेली सात-आठ वर्षांची मुलगी. महाराष्ट्रातल्या कोणत्याही बाजारात, जत्रेत हे दृश्य पाहिलेले नाही असा माणूस सापडणार नाही. डोंबारी, कोल्हाटी, खेळकरी गोपाळ अशा भटक्या समूहांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या सांभाळली. तिला शाळा नव्हती, ग्रंथ नव्हता, राजाश्रयाचा ताम्रपट नव्हता. आईबापाचे शरीर हेच पुस्तक.

या विद्येची किंमत इंग्रजांना कळली नव्हती असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रामो सामी नावाचा दक्षिण भारतीय खेळिया इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. पितळी गोळे हवेत झेलण्याचे भारतीय खेळियांचे कसब पाहून हॅझलिट या नामांकित इंग्रज लेखकाने १८२१ च्या आपल्या निबंधसंग्रहात त्यावर एक सबंध निबंध लिहिला. लंडनच्या रंगमंचावर ज्याला टाळ्या मिळाल्या तो रामो सामी १८५० साली दारिद्र्यात मेला. टाळी मिळते पण मान आणि भाकर मिळत नाही, हा या कलेचा इतिहास तिथपासून इथपर्यंत सारखाच आहे.

आणि भारतात त्याच इंग्रज सरकारने काय केले? १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला. जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरवणारा हा कायदा. मनुस्मृतीने जे धर्माच्या नावाने केले ते इंग्रजांनी पोलीस खात्याच्या नावाने केले. पुढे १९११ साली तो कायदा सबंध ब्रिटिश भारताला लागू करता येईल असा केला. ज्यांची नोंद झाली त्यांना पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. १८८२ साली मेजर गंथॉर्प याने मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या तथाकथित गुन्हेगार जमातींवर पुस्तक लिहिले, त्यात कोल्हाट्यांचेही वर्णन आहे. गावोगाव फिरून पोट भरणारा माणूस म्हणजे संशयित, हे समीकरण तेव्हा सरकारी कागदावर पक्के झाले.

शाळेच्या दृष्टीने या कायद्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. या कायद्यानुसार सरकारला नोंदलेल्या जमातींची मुले आईबापांपासून तोडून सुधारगृहात किंवा औद्योगिक शाळेत डांबता येत होती. म्हणजे या देशातल्या काही लेकरांच्या वाट्याला ‘शाळा’ हा शब्द पहिल्यांदा आला तो तुरुंगाच्या अर्थाने. ज्यांचे आजोबा शाळेत डांबले गेले त्यांच्या नातवाला शाळेची ओढ का नाही, असे विचारणाऱ्या साहेबांनी हे कलम एकदा वाचावे.

या सगळ्या अंधारात एक राजा वेगळा वागला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातली महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरीची पद्धत बंद केली. याच राजाने कुस्तीसाठी खासबागेचे मैदान बांधले होते. शरीराची विद्या आणि माणसाचा मान या दोन गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा.

स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला. आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण लगेच सात वर्षांनी, १९५९ साली, मुंबई राज्याने भीक प्रतिबंधक कायदा केला. त्यात भीक मागणे कशाला म्हणायचे याची व्याख्या आहे. सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे अशा निमित्ताने पैसे घेणे हीही भीकच, असे ती व्याख्या सांगते. म्हणजे डोंबाऱ्याची मुलगी रस्त्यावर दोरीवर चालली तर कायद्याच्या लेखी ती कलावंत नाही, कष्टकरी नाही, भिकारी आहे. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्याची बरीच कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. जे दिल्लीत घटनाबाह्य ते मुंबईत घटनेत कसे बसते, हा प्रश्न महाराष्ट्राच्या विधिमंडळाला विचारला पाहिजे.

शाळेच्या कवायतीतून दोरी कुणी काढली?

शाळेतले शारीरिक शिक्षण आभाळातून पडलेले नाही. त्याला इतिहास आहे आणि त्या इतिहासातही वर्ग आहे. युरोपात अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्या शतकात जर्मनीत गुट्समुथ्स आणि यान, स्वीडनमध्ये लिंग, फ्रान्समध्ये अमोरोस यांनी आधुनिक जिम्नॅस्टिकची मांडणी केली. तोल, उडी, चढणे, लटकणे हे सारे जत्रेतले खेळिये शेकडो वर्षे करत आले होते. पण राष्ट्राला शिपाई हवा होता आणि कारखान्याला शिस्तीचा मजूर. म्हणून अमोरोससारख्यांनी स्पष्ट रेघ ओढली. उपयोगाचे आणि नीतीचे ते आमचे जिम्नॅस्टिक, लोकांच्या करमणुकीसाठी केलेले ते दोरीवाल्यांचे चाळे. हालचाल तीच. एक शाळेत गेली, दुसरी जत्रेत राहिली.

ही शिस्तीची कवायत इंग्रजांबरोबर आपल्या शाळांत आली. एक-दोन-तीन-चार, हात वर, हात खाली. इथे तिची गाठ जातीशी पडली. युरोपातली रेघ वर्गाची होती. आपल्याकडे ती जातीची झाली, म्हणून अधिक खोल गेली. युरोपातल्या खेळियाचा मुलगा धंदा बदलून दुसरा कुणी होऊ शकत होता. डोंबाऱ्याचा मुलगा डोंबारीच.

मल्लखांबाचे उदाहरण घ्या. मल्लखांब ही सुंदर विद्या आहे, तिच्याबद्दल आमच्या मनात आदर आहे. मुंबईपासून अमरावतीपर्यंत अनेक व्यायामशाळांनी ती सर्व जातींच्या मुलामुलींना शिकवली, हेही आम्ही मान्य करतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. आज मल्लखांब खेलो इंडियाच्या स्पर्धेत आहे. पण या विद्येचा इतिहास कसा सांगतात ते पाहा. दुसऱ्या बाजीरावाचा दरबार, निजामाकडून आलेले अली आणि गुलाब हे मल्ल, त्यांना आव्हान देणारे बाळंभटदादा देवधर, सप्तशृंगीला केलेली उपासना आणि झालेला साक्षात्कार. खांबावरच्या कसरतीला दरबार मिळाला, देव मिळाला, गुरुपरंपरा मिळाली, म्हणून ती विद्या झाली. बांबूवरच्या कसरतीला यातले काही मिळाले नाही, म्हणून तो खेळ झाला, आणि कायद्याच्या भाषेत भीक झाली. खांब आणि बांबू यांच्यात लाकडाचा फरक आहे. बाकी फरक जातीचा आहे.

पेशवाई संपल्यानंतर पुण्यात आणखी एक तालीम उभी राहिली, तिचे नाव शारीरिक शिक्षणाच्या किती पुस्तकांत येते? लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम. मांग समाजात जन्मलेल्या या वस्तादाकडे सर्व जातींची मुले शिकायला येत. जोतीराव फुल्यांनी दांडपट्टा आणि मल्लविद्या त्यांच्याकडेच शिकली. पुढे फुल्यांनी अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले, मुले शाळेत धाडली. त्यांच्याच घरातली मुक्ता साळवे त्या शाळेत शिकली आणि तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. तालीम आणि शाळा, अंग आणि अक्षर हे एकत्र आल्यावर काय घडते त्याचा हा नमुना. आमच्या परंपरेत शरीराची विद्या आणि डोक्याची विद्या कधी एकमेकींच्या वैरी नव्हत्या. त्यांना वेगळे केले ते श्रमाला हीन मानणाऱ्या ब्राह्मणी व्यवस्थेने.

२० मार्चच्या दोन गोष्टी

२० मार्च म्हटले की आपल्याला महाड आठवते. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. योगायोगाने भारतीय सर्कसचा जन्मदिवसही २० मार्चच सांगतात. १८८० साली त्या दिवशी मुंबईत क्रॉस मैदानावर विष्णुपंत छत्रे यांच्या ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ झाला. छत्रे मूळचे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे, कुरुंदवाड संस्थानात घोड्यांचे काम पाहणारे. किआरिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती, ती पाहून त्यांनी जिद्दीने आपली सर्कस उभी केली. त्यांचे कर्तृत्व कुणी नाकारत नाही. पण इतिहास लिहिताना ‘भारतात सर्कस आणली’ असे लिहितात तेव्हा आम्हाला हसू येते. तंबू आणला, तिकीट आणले, घोड्यांचे रिंगण आणले असे म्हणा. दोरी, झेलगोळे आणि कोलांटी इथे आधीपासून होत्या. त्या ज्यांच्याकडे होत्या त्यांच्याकडे तंबूचे भांडवल नव्हते आणि राजाच्या पागेची नोकरीही नव्हती.

या सर्कसच्या इतिहासातली खरी आपल्या कामाची गोष्ट महाराष्ट्राबाहेर घडली. छत्र्यांची सर्कस फिरत फिरत केरळात तलश्शेरीला गेली. तिथे कीलेरी कुञ्ञिकण्णन नावाचे शिक्षक होते. ते बासेल मिशनच्या शाळेत जिम्नॅस्टिक शिकवत आणि कळरीपयट्टूही जाणत. जन्माने ते तिय्या समाजातले, म्हणजे ज्या समाजाला केरळच्या जातिव्यवस्थेने अंतरावरून विटाळ मानला त्या समाजातले. छत्र्यांशी त्यांचा करार झाला आणि पुढे १९०१ साली त्यांनी तलश्शेरीजवळ चिरक्करा इथे सर्कसचे प्रशिक्षण देणारी शाळा काढली. त्यांच्या शिष्यांनी पुढे अनेक सर्कशी उभ्या केल्या. तलश्शेरी हे भारतीय सर्कसचे माहेर झाले ते या शाळेमुळे. केरळ सरकारने २०१० साली तिथे सर्कस अकादमीही काढली.

इथे थांबून विचार केला पाहिजे. महाराष्ट्रात सर्कसचे मालक तयार झाले, केरळात सर्कसचा शिक्षक तयार झाला. मालकाने कसब विकत घेतले. शिक्षकाने ते जातीच्या बाहेर काढले. शाळेतल्या व्यायामाच्या शिक्षकाने हातात घेतल्यावर तीच विद्या कुणाही मुलाची होऊ शकली. विद्या शाळेत आली की तिचा जन्माशी संबंध तुटतो. आमच्या सगळ्या मांडणीचा पाया हा आहे.

आम्ही दोरीचे पोवाडे गात नाही

काही पुरोगामी मंडळींना भटक्यांची कला म्हटले की गहिवर येतो. रंगीत लुगडे, ढोलकी, मोकळे आभाळ. त्यांनी त्या मुलीला विचारावे. दोरीखाली गादी नसते. तळपायाला घट्टे पडतात. पडली तर दवाखान्याचे पैसे नसतात. दर आठवड्याला गाव बदलते म्हणून पटावर नाव नसते, आणि नाव असले तरी हजेरी नसते. कोल्हाटी समाजातल्या बाईचे शोषण कसे झाले ते किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये लिहून ठेवले आहे. ती कलेची हौस नव्हती, ती जातीची सक्ती होती.

तंबूतली सर्कसही स्वर्ग नव्हती. गरीब घरांतली मुले, त्यांत मुली अधिक, आईबापांना थोडे पैसे देऊन सर्कशीत नेली जात आणि वर्षानुवर्षे तिथेच अडकत. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०११ रोजी सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालण्याचे आदेश दिले. हा निकाल योग्यच होता. पुढे २०१६ साली बालमजुरी कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यात एक गंमत आहे, आणि ती कडू आहे. मूल चित्रपटात, मालिकेत, जाहिरातीत, खेळाच्या कार्यक्रमात कलावंत म्हणून काम करू शकते, फक्त सर्कशीत नाही. शिवाय शाळा सुटल्यावर कुटुंबाच्या धंद्यात मदत करायलाही मुभा दिली. म्हणजे शहरातल्या सुखवस्तू घरातले मूल दूरदर्शन संचाच्या पडद्यावर कसरत करील तर ते गुणी बालकलाकार. आणि जातीचा धंदा मुलाच्या गळ्यात बांधायचा असेल तर ‘कौटुंबिक मदत’ हा दरवाजा उघडाच आहे.

म्हणून चळवळीतल्या आमच्या मित्राचा प्रश्न आम्ही टाळत नाही. महाडच्या परिषदेत १९२७ साली बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे, मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा असे सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, कारण वतन म्हणजे वेतन नसलेली वंशपरंपरागत वेठ होती. मग डोंबाऱ्याची दोरी हेही एक वतनच नाही का? ते सोडून द्यायचे की शाळेत आणायचे?

बाबासाहेबांचा मुद्दा नीट समजून घेऊ. ‘जातिसंहार’ या १९३६ च्या भाषणात त्यांनी दाखवले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि ती माणसाच्या आवडीवर नाही तर जन्मावर ठरते. त्यांचा हल्ला कौशल्यावर नव्हता. कौशल्याला जन्माची बेडी घालणाऱ्या व्यवस्थेवर होता. चामड्याचे काम वाईट नाही. ते एकाच जातीने करायचे आणि ते करतो म्हणून त्याला विटाळ मानायचा, हे वाईट. तोल सांभाळण्याची विद्या वाईट नाही. ती एकाच जातीच्या उपाशी मुलीने जीव धोक्यात घालून करायची आणि बाकीच्यांनी पाच रुपये फेकायचे, हे वाईट.

चळवळीने हा भेद पूर्वीच केलेला आहे. तमाशाच्या फडात आमच्या आयाबहिणींची विटंबना होत होती. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तमाशाचे गण-गवळण टाकून दिले, ढोलकी ठेवली, आणि आंबेडकरी जलसा उभा केला. साचा घेतला, अपमान टाकला. दोरीच्या बाबतीतही हेच करायचे आहे.

ते करण्याचा मार्ग एकच. ज्या मुलीला दोरी जन्माने मिळाली तिला वही मिळाली पाहिजे. ज्या मुलाला वही जन्माने मिळाली त्याला दोरी मिळाली पाहिजे. दोघेही एकाच मैदानावर, एकाच गादीवर, एकाच गुरुजींपुढे. पाटलाचे पोर, बौद्ध पोर, कातकऱ्याचे पोर आणि डोंबाऱ्याचे पोर एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन मनोरा रचतील तेव्हा कोण कुणाला शिवला हा प्रश्न विचारायला कुणाला सवड राहणार नाही. मनोऱ्यात खालचा डगमगला तर वरचा पडतो. समतेचा धडा पुस्तकात असतो, तो अंगाला कळतो तो असा.

हे आमचे स्वप्नरंजन नाही. कॅनडातल्या शाळांत शारीरिक शिक्षणाच्या तासाला सर्कसच्या कला शिकवून पाहिल्या आणि त्याचा अभ्यास केला. क्रीलार्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. चौथी-पाचवीची मुले घेतली, नेहमीचा व्यायाम करणाऱ्या शाळांशी तुलना केली. सर्कस शिकणाऱ्या मुलांची हालचालींची क्षमता अधिक दिसली आणि मुलगे-मुलींमधला फरकही कमी झाला. कारण सोपे आहे. क्रिकेटमध्ये अकरा खेळतात आणि बाकीची बाहेर बसतात, त्यांत मुली आधी. सर्कशीत कुणी चेंडू झेलतो, कुणी तोल धरतो, कुणी खालचा आधार होतो. हरणारा संघ नसतो. जाड्या पोराला, बुजऱ्या पोरीला तिथे जागा असते.

विंझरच्या मैदानावर काय करता येईल?

आता जमिनीवर येऊ. विंझर हे नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. जवळ राजगड, पुढे तोरणा. तालुक्याचे नावही आता राजगड ठेवले आहे. किल्ल्यांचा अभिमान सांगणारी भाषणे इथे पुष्कळ होतात. पण किल्ला चढणाऱ्या पायांना शाळेत काय मिळते ते बघा.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे परिशिष्ट उघडा. पहिली ते पाचवीला व्यायामाचा स्वतंत्र शिक्षक नाही. सहावी ते आठवीला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ शिक्षक आहे, पण पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच. डोंगरपट्ट्यातल्या किती शाळा शंभरी गाठतात? म्हणजे कायद्यानेच सांगितले की मैदानी गावातल्या पोराला व्यायामाचा शिक्षक, डोंगरातल्या पोराला नाही. वर मखलाशी अशी की डोंगरातली पोरे रोज चढतात-उतरतात, त्यांना कसला व्यायाम? पाण्याचा हंडा घेऊन चढणे हा व्यायाम नाही, ते कष्ट आहेत. व्यायाम म्हणजे स्वतःच्या अंगाशी, स्वतःच्या मर्जीने, आनंदाने केलेली ओळख. तो प्रत्येक लेकराचा हक्क आहे.

आणि शाळाच राहतील की नाही हा त्याहून मोठा प्रश्न. २०२३ साली शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नमुना म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर याच तालुक्यातल्या पानशेतचे नाव पुढे केले. मोठ्या शाळेत सोयी देता येतात असे सांगितले जाते. पण पावसाळ्यात ओढे भरल्यावर सहा वर्षांची मुलगी ती सोय घ्यायला जाणार कशी? आमचे म्हणणे उलट आहे. सोय मुलाकडे गेली पाहिजे. क्रिकेटचा सामना खेळायला बावीस पोरे लागतात. झेलगोळे, तोलफळी आणि गुडघाभर उंचीची दोरी यांना आठ पोरेही पुरतात. वीस पटाच्या शाळेला शोभणारा व्यायाम कोणता असेल तर तो हाच. जुन्या कापडात बाजरी भरून शिवलेले चेंडू, लाकडी फळी आणि खाली गोल ओंडका, दोन खुंटांना जमिनीपासून फूटभर उंचीवर ताणलेला पट्टा, खाली जाड गादी. याला काही लाख लागत नाहीत.

शिकवणार कोण? इथे आमची मुख्य मागणी आहे. ज्यांच्या जातीने ही विद्या जपली त्या डोंबारी, कोल्हाटी, गोपाळ समाजातल्या प्रौढ कलावंतांना जिल्हा परिषदेने मानधनावर नव्हे, पगारावर प्रशिक्षक नेमावे. चार-पाच शाळांना मिळून एक. त्यांना मुलांची सुरक्षितता आणि शिकवण्याची पद्धत यांचे रीतसर प्रशिक्षण द्यावे, प्रमाणपत्र द्यावे. बी.पी.एड.ची पदवी नाही म्हणून त्यांना फाटकाबाहेर उभे करू नये. आणि एक अट आमची स्वतःची आहे. त्यांच्या मुलांचे नाव त्याच शाळेच्या पटावर असले पाहिजे, शिकणारे म्हणून, खेळ दाखवणारे म्हणून नव्हे. स्नेहसंमेलनात पाहुण्यांपुढे त्याच पोरांना दोरीवर चढवले तर आम्ही त्याला विरोध करू. बाप शिक्षक झाला म्हणून पोरगी डॉक्टर व्हायची थांबता कामा नये.

हे फक्त व्यायामाचे काम नाही. कोल्हाटी-डोंबारी महाराष्ट्रात भटक्या जमाती ‘ब’ मध्ये मोडतात. या गटाला राज्यात अडीच टक्के आरक्षण आहे, आणि त्या अडीच टक्क्यांत कितीतरी जमाती कोंबलेल्या आहेत. शेजारच्या कर्नाटकात डोंबर अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. म्हणजे सीमा ओलांडली की त्याच माणसाला अत्याचारविरोधी कायद्याचे संरक्षण मिळते आणि इकडे आला की जाते. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य या तीन समूहांना एका दमात उभे केले होते आणि ज्या संस्कृतीने त्यांना जन्म दिला तिच्यावर बोट ठेवले होते. आपण मात्र आपापल्या यादीत बसलो आणि दोरीवरच्या पोरीला ‘ती आपल्यातली नाही’ म्हणून पाच रुपये टाकून पुढे गेलो. आंबेडकरी चळवळीने हा हिशेबही चुकता केला पाहिजे.

२०२२ साली केंद्र सरकारने पंच्याहत्तर भारतीय खेळ शाळांत आणण्याची घोषणा केली. भारतीय खेळ म्हणताना त्यांना विटीदांडू आणि लगोरी आठवते, पुराणकाळ आठवतो. बाजारपेठेत आजही चालणारा भारतीय खेळ, ज्याचे खेळाडू हाडामांसाचे आहेत आणि ज्यांना राहायला घर नाही, तो यादीत कुठे आहे हे त्यांना विचारा. ग्रामसभेत विचारा, शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. विंझर, मार्गासनी, वेल्हे, पानशेत इथल्या पालकांनी येत्या वर्षाच्या शाळा विकास आराखड्यात दोन ओळी लिहून द्याव्यात: आमच्या शाळेला व्यायामाचा प्रशिक्षक हवा, आणि तो ही विद्या जपणाऱ्या समाजातला हवा. आराखडा करणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे कायद्याने दिलेले काम आहे, त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही.

आणि पुढच्या वेळी मैदानावर शिट्टी वाजेल, तेव्हा गुरुजींनी पोरांना एवढे सांगावे की या उडीचे नाव कुणावरून पडले. त्याला ना अनुदान लागते, ना शासन निर्णय.

जय भीम.